कडुनिंबाचा पाला घालूनही गव्हात सोंडे का होतात?

प्रश्न:
गहू आणि अख्खे मूग वर्षभरासाठी साठवायचे आहेत. रासायनिक गोळ्या वापरायच्या नाहीत. कडुनिंबाचा पाला घातलेल्या कोठीतही महिना-दीड महिन्याने सोंडे दिसतात, असा अनुभव आहे. पाला कमी पडतो की मुळात पद्धतच चुकते?

उत्तर १:
अशा वेळी कीड बहुधा धान्याबरोबरच कोठीत आलेली असते. सोंड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते आणि ते छिद्र चिकट स्रावाने बुजवते. पुढे अळी आणि कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडत असल्याने वरून निर्दोष दिसणाऱ्या गव्हातून काही आठवड्यांनी प्रौढ किडे बाहेर पडतात आणि ठपका मात्र पाल्यावर येतो. पाला किडीला काही प्रमाणात दूर ठेवतो, परंतु दाण्याच्या आत पोहोचत नाही. म्हणून धान्य आधी चाळून, कडक उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावरच भरावे. गव्हातील ओलावा १२ टक्क्यांच्या वर नसावा. पालाही सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेला हवा, कारण ओलसर पाल्याने बुरशीच धरते.

उत्तर २:
मुगाच्या बाबतीत पाल्यापेक्षा तेलावर माझा अधिक भरवसा आहे. कडधान्यावरील भुंगेऱ्याची मादी अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवते. नीट पाहिल्यास ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल प्रत्येक दाण्याला लागेल असे चोळल्यास अंड्यांची हवा कोंडते आणि नवी अंडी घालण्यालाही अडथळा होतो. अळी आत शिरल्यानंतर मात्र तेलाचा फारसा उपयोग नाही, त्यामुळे हे काम साठवणीच्या सुरुवातीलाच करावे.

प्रश्नकर्ता:
खाद्यतेलाऐवजी निंबोळीचे तेल, किंवा गव्हात वेखंडाची पूड चालेल का?

उत्तर १:
बियाण्यासाठी निंबोळीचे तेल चालेल. अझाडिरॅक्टिन हा कीडरोधक घटक पानांपेक्षा निंबोळीच्या बीमधील गरात कितीतरी अधिक असतो. पण त्याचा कडवटपणा आणि उग्र वास खाण्याच्या धान्याला नकोसा होतो. वेखंड किडीवर प्रभावी आहे खरे, तथापि त्यातील बीटा-असारोन प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक आढळले आहे. त्यामुळे वेखंडाची पूड फक्त पेरणीच्या बियाण्यालाच लावावी आणि ते बियाणे खाण्याच्या धान्यापासून वेगळे ठेवावे.