न्यू जर्सीत घरून काम, कंपनी न्यूयॉर्कची: दोन्हीकडे टॅक्स कापलाय

स्वाती, एडिसन:
नमस्कार मंडळी. मी एडिसनला एकटीच राहते, कंपनी मॅनहॅटनमधली. दर मंगळवारी मेट्रोपार्कहून ट्रेनने ऑफिसला जाते, बाकी चार दिवस घरून काम. परवा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा फॉर्म, हातात आला आणि धडकीच भरली. न्यूयॉर्कच्या ओळीत पगार १,२०,००० डॉलर आणि कापलेला कर ६,३००. न्यू जर्सीच्या ओळीत पगार १,२३,५०० आणि कर ५,६००. नोकरी एक, पगार एक, मग हे आकडे वेगळे कसे?

टॅक्स भरून देणारे एक जण म्हणाले, "दिवस मोजा. न्यूयॉर्कला एक-पंचमांश पगार दाखवा, उरलेला इथे." ऐकायला बरं वाटतं, पण सही करायला हात धजत नाही. सांगलीला आईच्या औषधांचे पैसे दरमहा पाठवते, त्यामुळे जवळजवळ बारा हजार डॉलर असेच जाऊन चालणार नाहीत. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

काका, प्लेन्सबोरो:
स्वाती, दिवस मोजून वाटणी अजिबात करू नकोस. मी ती केली होती.

मार्च २०२० पासून मी पूर्ण वेळ घरून काम करत होतो. ऑफिसला कुलूप होतं, म्हणून त्या वर्षी न्यूयॉर्कला जेमतेम अडीच महिन्यांचा पगार दाखवला. तेव्हाही मला एका जाणकारानेच तसं सांगितलं होतं. दोन वर्षांनी पत्र आलं आणि राहिलेला कर व्याजासकट भरावा लागला. न्यूयॉर्कचा नियम असा आहे की ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तू स्वतःच्या सोयीने घरी बसून काम करत असशील, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरतात. कंपनीच्या गरजेपोटी ते काम राज्याबाहेरच व्हायला हवं असेल, तरच सूट. ती सिद्ध करायच्या अटी फार कडक आहेत, साध्या डेस्क जॉबला बसत नाहीत. २००३ मध्ये कनेटिकटला राहणाऱ्या एका कायद्याच्या प्राध्यापकांनी हा नियम न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत नेला होता. ते हरले.

पण घाबरू नकोस, दोनदा कर द्यायचा नाहीये. कापलेला कर म्हणजे भरायचा कर नव्हे. आधी न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, आयटी-२०३, संपूर्ण भरून घे. त्यात अख्खे १,२०,००० दाखव. तिथला कर ६,३०० च्या आसपासच येईल. तो पक्का आकडा हातात आल्यावरच एनजे-१०४० ला, म्हणजे न्यू जर्सीच्या रिटर्नला हात लाव. त्यासोबत शेड्यूल एनजे-सीओजे असतं, दुसऱ्या राज्याला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातली वजावट, त्यात मिळते. तिथे डब्ल्यू-२ वरचा कापलेला आकडा लिहू नकोस. न्यूयॉर्कच्या रिटर्नवर प्रत्यक्ष जो कर निघाला तोच लिही. बहुतेक जण इथेच चुकतात.

पगाराचे आकडे वेगळे का, हे तुझ्या हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यात बघ. करापूर्वी कापलेला हप्ता न्यूयॉर्क पगारातून वगळतं, न्यू जर्सी वगळत नाही. एचएसएचं, म्हणजे औषधोपचारासाठीच्या बचत खात्याचंही तसंच. वरचे ३,५०० त्याचेच असणार. क्रेडिट फक्त दोन्हीकडे कर लागलेल्या १,२०,००० पुरतं मिळेल. न्यू जर्सीचा एकूण कर साधारण ५,६७७, त्यातलं क्रेडिट ५,५१६ च्या आसपास, म्हणजे इथे भरायचे उरले साधारण १६१ डॉलर. कापलेल्या ५,६०० मधले बाकीचे परत मिळतील. बँकेचं व्याज असेल तर त्यावर मात्र इथेच कर लागेल.

एकंदरीत दोन्हीकडे कर लागलेल्या पगारावर, दोन्ही राज्यांपैकी जिथला कर जास्त, तेवढा भरावा लागतो. पेरोललाही आजच लिही. न्यूयॉर्कला न्यू जर्सीइतका किंवा त्याहून जास्त कर कापला जात असेल, तर इथे पुन्हा कापायची गरज नसते. नाहीतर आपलेच पैसे वर्षभर अडकून पडतात.

माझं पुढे काय झालं, तेही सांगतो. न्यूयॉर्कला जास्तीचा कर भरल्यावर एनजे-१०४०एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरून मी इथलं क्रेडिट वाढवून घेतलं. त्याला मूळ रिटर्नपासून तीन वर्षांची मुदत असते, मी जेमतेम त्यात बसलो. कर परत मिळाला, न्यूयॉर्कला भरलेलं व्याज गेलं ते गेलंच.

मिलिंद, डॅलस:
काकांचं बरोबर आहे. एक भर घालतो. मी त्याच न्यूयॉर्कच्या नोकरीवर टेक्सासला आलो. इथे राज्याचा आयकर नाही म्हणून खूश होतो, पण न्यूयॉर्कचा कर तसाच सुरू राहिला. इथे करच नसल्यामुळे क्रेडिट घ्यायलाही जागा नाही. घर बदलण्याआधी नोकरी कुठल्या ऑफिसच्या नावावर आहे, हे नक्की विचारा.

अनघा, चेरी हिल:
आमच्याकडे नवऱ्याची नोकरी फिलाडेल्फियाची. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात पगाराबाबत करार आहे. आरईव्ही-४१९ हा फॉर्म कंपनीला दिला की पेनसिल्व्हेनिया राज्याचा कर कापतच नाहीत. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, मात्र त्या करारात येत नाही. त्याचं क्रेडिट एनजे-सीओजेवरच घेतो.

स्वाती, एडिसन:
काका, रात्री बसून आयटी-२०३ चा कच्चा हिशोब केला. न्यूयॉर्कचा कर ६,२९० आला. पगारपत्रक काढून बघितलं, इन्शुरन्सचा हप्ता बरोबर ३,५०० आहे. पेरोलला मेल गेला. त्या टॅक्सवाल्यांना उद्या फोन करून नको म्हणते.