वार्षिक ऊर्जा अहवाल: आमचा ईयूआय फार कमी का येतोय?

मजला_दहा:
ऑफिसची इमारत आहे, खाली पार्किंगचे दोन मजले. अहवाल पहिल्यांदाच भरतोय. बारा बिलांची बेरीज 14,64,000 युनिट, क्षेत्रफळ 24,000 चौ.मी. (पैकी पार्किंग 6,000), म्हणजे ईयूआय (दर चौ.मी. मागे वर्षाचा ऊर्जावापर) 61. पोर्टल ‘असामान्य कमी’ म्हणून अडवतंय. छतावर सोलर आहे, नेट मीटरिंगवर (जास्तीची वीज ग्रिडला जाते, ती बिलातून वजा होते), वर्षाचं उत्पादन 1,20,000 युनिट. जनरेटरला 9,000 लिटर डिझेल लागलं, त्याच्या मीटरवर 28,800 युनिट दिसतात आणि तेच भरलेत, पण वेगळ्या रकान्यात. चार भाडेकरूंची मीटरं स्वतंत्र आहेत, ती धरलेली नाहीत. चुकतंय कुठे?

सीटी_रेशो:
एका नाही, चार ठिकाणी.

पार्किंग भाजकात धरू नका. बहुतेक पद्धतींत त्याची वेगळी नोंद करतात. जिने, लिफ्टचे शाफ्ट, प्लांट रूम मात्र बाहेरच्या भिंतीच्या बाहेरील कडेपासून मोजून धरायचे. अॅट्रियम (आतला वरपर्यंत मोकळा चौक) फक्त तळाशी एकदाच. भाजक झाला 18,000, आकडा आला 81.3.

सोलर: नेट बिलात निर्यात आधीच वजा झालेली असते. त्यामुळे वापर = नेट युनिट + सोलरचं उत्पादन, म्हणजे 15,84,000, भागिले 18,000 म्हणजे 88. बिलावर आयात आणि निर्यात वेगळी छापलेली असेल तर आयात + उत्पादन − निर्यात. दोन्ही सूत्रांनी करून बघा, उत्तर एकच यायला हवं. नाही आलं तर बिलावरचे आयात, निर्यात आणि नेट युनिट तपासा.

डिझेल: लिटर भरा, जनरेटरचे युनिट नकोत. लिटरमागे साधारण 10 युनिट इतकी ऊर्जा असते, जनरेटर त्यातून तीनेक युनिटच वीज काढतो. तुमचे 28,800 म्हणजे लिटरमागे 3.2, हे बरोबरच आहे, पण इंधनाची ऊर्जा सुमारे 90,000 युनिट. दोन्ही भरले की दुहेरी मोजणी. आणि खरेदीची बिलं म्हणजे वापर नव्हे: सुरुवातीचा साठा + खरेदी − शेवटचा साठा. एवढ्यानेच आकडा 93 होतो, भाडेकरू अजून बाकीच आहेत.

बिलतारीख:
भाडेकरूंबद्दल: प्रत्येकाच्या दारात बिलं मागत बसू नका, वर्ष निघून जाईल. त्यांच्या मीटरची वर्षाची एकत्र बेरीज वीज कंपनीकडून मिळते का ते आधी विचारा. नसेल तर संमतीपत्र घ्या आणि पुढच्या भाडेकरारात माहिती देण्याचं कलम घाला. गाळा रिकामा होता म्हणून मीटर वगळू नका, शून्य भरा.

बिलांच्या तारखा महिन्यावर ओढून बसवू नका. बिल 17 ते 16 असेल तर तसंच भरा. एका बिलाची शेवटची आणि पुढच्याची पहिली तारीख यांत एक दिवसाची फट किंवा दोनदा मोजणी राहिली तरी पोर्टल ओरडतं. अंदाजे रीडिंगच्या बिलामागून फरकाचं बिल आलं असेल तर दोन्हींचा काळ जोडून एकच नोंद करा. मीटर बदललं असेल तर जुन्याचं शेवटचं रीडिंग सुटतं, बहुतेक वेळा हेच.

शिवाय बिल केव्हीएएचवर (खऱ्या युनिटऐवजी ‘भासमान’ विजेवर) असेल तर पॉवर फॅक्टरने (खऱ्या आणि भासमान विजेच्या गुणोत्तराने) गुणा. 0.96 असताना 1,50,000 चे खरे युनिट 1,44,000 होतात.

मजला_दहा:
चिलरचं (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) एक सबमीटर आहे. ते पण जोडायचं ना?

सीटी_रेशो:
मुख्य मीटरच्या खाली असेल तर अजिबात नाही. सिंगल लाइन डायग्राममध्ये (वीजजोडणीच्या आराखड्यात) बघा. सबमीटरचा उपयोग तपासणीपुरता. तिथे एक सापळा आहे: सीटी (मोठा प्रवाह कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) 200/5 असेल तर गुणक 40, म्हणून रीडिंगमधला फरक 4,100 असेल तर वापर 1,64,000. काही डिजिटल मीटर गुणक धरूनच आकडा दाखवतात, त्यांना पुन्हा 40 ने गुणलं की चिलर मुख्य मीटरपेक्षा जास्त वीज खाताना दिसतो.