पाणचक्की मलिक अंबरची? पुरे झालं आता!

खामकाठ: आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) पाणचक्कीबद्दल परवा इथे एकाने टाकलं, 'मलिक अंबरने बांधलेली पाणचक्की चारशे वर्षं फिरतेय', आणि सगळ्यांनी डोळे मिटून पुढे पाठवलं. अहो, अंबर, निजामशाहीचा तो वजीर, १६२६ साली वारला! पाणचक्की आहे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात, आणि ते बुखाऱ्याकडून इथे आले औरंगजेबाच्या काळात. चक्की तुर्कताज खानाची, समोरचा हौद जमील बेग खानाचा. छापील साल कुठे १६९५ मिळतं, कुठे १७४४. कुठलंही धरा, अंबर जाऊन निदान सत्तरेक वर्षं झालेलीच.

जुना भावसिंगपुरेकर: सालं पाठ आहेत म्हणून अंबरला बाजूला सारू नका. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली कुणी? या खडकाळ गावात जमिनीखालून पाणी खेळवलं कुणी? नहर-ए-अंबरी, ती अंबरची जमिनीखालची पाण्याची वाट, नसती तर पुढच्या खानांना हे सुचलं असतं का? आमच्या आजोबांच्या तोंडी कायम 'अंबरची चक्की' असायचं.

खामकाठ: आजोबांबद्दल आदर आहे, पण तो पुरावा नव्हे. पाणचक्कीची नहर वेगळी, हर्सूलकडून येणारी. अंबरची नहर वेगळी.

टाकीवाला: तुम्ही दोघं खानांची नावं घेत बसा. आत वाकून चाक पाहिलंय का कधी? ते आडवं आहे. पाणी खापराच्या नळांतून येतं, भिंतीत आपल्याच दाबाने वर चढतं, तिथून खाली पात्यांवर कोसळतं. चाकाचा उभा दांडा थेट वरच्या तळीला, म्हणजे जात्याच्या वरच्या दगडाला जोडलेला. दाते नाहीत, पट्टा नाही. फकिरांचं, यात्रेकरूंचं दळण त्यावर निघायचं. माझे वडील जात्याला टाकी लावायचे, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करायचे. तळी बोथट झाली की पीठ कसं तापतं ते मी हात घालून पाहिलंय. ते नळ उतारावर बसवणाऱ्या गवंड्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, त्याचं काय?

सिडको_एन७: सगळं खरं, पण आज आमच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं यावर कुणी बोलणार का? गेल्या उन्हाळ्यात टँकरसाठी आई पहाटेपासून रांगेत उभी होती. एवढ्या नहरी असलेल्या शहरात! त्या साफ करा, प्रश्न सुटेल.

खामकाठ: धागा पाणचक्कीच्या इतिहासाचा आहे.

सिडको_एन७: पाण्याशिवाय पाणचक्की कसली?

उतार_चढ: नहरींनी प्रश्न सुटेल हे स्वप्न विकू नका. २०११च्या जनगणनेतच शहर पावणेबारा लाखांचं होतं. नहर उताराने वाहते, फुकट वाहते, पण झऱ्यात असेल तेवढंच देते. आपण पैठणहून पन्नासेक किलोमीटर पाणी वर चढवून आणतो, वीज गेली की घसा कोरडा.

सिडको_एन७: म्हणजे बुजू द्यायच्या? आमच्या मागच्या गल्लीत नहरीच्या मनोऱ्यावर एकाने जिना चढवलाय. खाली पाणी वाहताना मी लहानपणी ऐकलेलं आहे. बागांना, धुण्याभांड्यांना तरी वापरा!

उतार_चढ: धुण्याभांड्यांपुरतं मान्य. पिण्याचं नाव काढू नका. वर बोअर घेऊन आणि सांडपाणी सोडून आपणच त्यांची वाट लावली.

जुना भावसिंगपुरेकर: बघा, शेवटी सगळे नहरीवरच आले. म्हणूनच म्हणतो, अंबर!

खामकाठ: नहरींची सुरुवात अंबरची, हे मी कधी नाकारलं? घ्या, दिलं श्रेय. पण 'बांधलेली पाणचक्की' हे शब्द त्या पोस्टमधून काढा. उद्या शाळेची सहल येईल आणि पोरं तेच वहीत उतरवतील.

टाकीवाला: काढा, आणि गवंडी-पाथरवटांबद्दल एक ओळ घाला.

जुना भावसिंगपुरेकर: ती ओळ घालतो. अंबरचं नाव मात्र राहणार, 'नहरींची परंपरा' म्हणून. त्याखाली मी येत नाही.