मदत हवी आहे : फेरीवाल्यांकडून घेतलेल्या भंगाराच्या नोंदी नेमक्या कशा ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आमचा भंगाराचा गाळा आहे. खरेदी-विक्री वडील पाहतात आणि हिशेब माझ्याकडे असतो. जीएसटी नोंदणी आहे. कारखान्यांतून येणारी कातरण आणि पत्र्याचे तुकडे बिलासह येतात, त्यामुळे त्याची काळजी नाही. प्रश्न आहे तो हातगाडीवाले फेरीवाले आणि कचरावेचक महिला रोज थोडाथोडा आणतात त्या मालाचा.

१० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून धातूचे भंगार घेतल्यास त्यावरचा कर रिव्हर्स चार्जने खरेदीदारालाच भरावा लागतो. त्याचे क्रेडिट (पुढे भरायच्या करातून वजावट) मिळते, म्हणून कराबद्दल माझी तक्रार नाही. मात्र अशा खरेदीचे बिल माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत खरेदीदारानेच करायचे असते, पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करायचे असते, आणि दोन्हींवर विक्रेत्याचे नाव व पत्ता लागतो. आमच्या वहीतली ओळ मात्र अशी असते : ‘पुलाखालच्या मावशी, पत्रा ११ किलो, बीड (ओतीव लोखंड) ४ किलो, पितळ ६०० ग्रॅम’, आणि त्यापुढे भाव व रक्कम. वडील या मावशींना नीट ओळखतात, त्यांच्या मालाला कधी कमी काटा लावत नाहीत; पण एवढ्या ओळखीवर बिल होत नाही.

माझा मुख्य प्रश्न असा, की दिवसभरातल्या अशा लहान खरेद्यांचे महिन्याअखेरीस एकच एकत्रित बिल करता येते का? जीएसटी नियम ४६ मध्ये तशी सवलत आहे, परंतु तिथे उल्लेख जीएसटी कायद्याच्या कलम ९(४) खालील खरेदीचा आहे आणि धातूचे भंगार अधिसूचनेने कलम ९(३) खाली आणले आहे. शब्दशः वाचले तर ही सवलत आपल्याला लागू होत नाही, आणि मग दोन-तीनशे रुपयांच्या प्रत्येक खरेदीला स्वतंत्र बिल करावे लागेल. ज्यांच्या खात्यांची प्रत्यक्ष तपासणी झाली आहे, त्यांच्याकडे अधिकाऱ्यांनी काय मान्य केले, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न ओळखपत्राचा. आधारची प्रत मागितली की बऱ्याच जणी माल उचलून पुढच्या गाळ्यावर जातात, आणि त्यांचा त्या दिवसाचा चार पैशांचा भावही तिथे पडतो, हे मला मनापासून खटकते. तरीही नोंद हवीच, कारण तांब्याची जळकी तार, पितळी पाणीमीटर किंवा गटाराचे बिडाचे झाकण यांत चोरीचा माल येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार माल चोरीचा असल्याचे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. अशा वस्तू आम्ही परतच पाठवतो, पण पोलीस विचारायला आले तर तारीख, वजन, मालाचे वर्णन आणि विक्रेत्याची ओळख लगेच दाखवता आली पाहिजे. एकदाच नाव-पत्ता व छायाचित्र घेऊन प्रत्येकीला क्रमांक द्यायचा आणि पुढे काटापावतीवर (वजनाच्या पावतीवर) तेवढाच क्रमांक लिहायचा, अशी पद्धत कोणी चालवत आहे का? नोंदवही गाळ्यातच राहील आणि कोणाच्याही कागदाची प्रत बाहेर जाणार नाही, एवढी हमी आम्ही देऊ शकतो.

शेवटचा मुद्दा जतनाचा. जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने कागदपत्रे ठेवायची, म्हणजे २०२४-२५ ची किमान डिसेंबर २०३१ अखेरपर्यंत. काटापावत्यांची शाई तोपर्यंत टिकत नाही, त्यामुळे त्या त्याच दिवशी स्कॅन करून बिलाला जोडण्याचा विचार आहे. मूळ पावती पुसट झाली तर स्कॅन ग्राह्य धरला जातो का?

सीए मंडळींनी आणि विशेषतः या धंद्यातल्या लोकांनी उत्तर द्यावे. आपल्या नोंदवहीचे रकाने कसे आखले आहेत, एवढे जरी कळवले तरी मोठी मदत होईल.