मदत हवी आहे: आईच्या हिरड्या सुजल्यात, शुगर उतरत नाही, आधी कोणाचं ऐकू?

शेवंती:
ब्रश केला की आईच्या हिरड्यांतून रक्त येतं, खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. दातांचे डॉक्टर म्हणतात, आधी शुगर खाली आणा, मग हात लावतो. शुगरचे डॉक्टर म्हणतात, गोळ्या वाढवून झाल्या, आता इन्सुलिन. हिरड्यांचं विचारलं तर म्हणाले, ते दातवाल्यांना विचारा. या दारातून त्या दारात चाललंय नुसतं. आई भाकरी दुधात कुस्करून खातेय. आधी काय करायचं तेवढं सांगा, लवकर.

गोदाकाठ:
वय काय? एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) किती? बाकी गोळ्या कुठल्या? नुसतं 'शुगर' म्हटल्यावर कोण काय सांगणार?

तात्या_नाशिककर:
सगळे दात काढून कवळी बसवा. माझ्या वडिलांचं तेच केलं, त्यानंतर शुगरसुद्धा आटोक्यात आली. हलणारे दात ठेवून उपयोग नाही.

रानवारा:
तात्या, दोन दात हलतात म्हणून बत्तीस काढायचे? आणि एचबीएवनसी चढलेलं असताना एवढ्या जखमा भरणार कधी? कृपया असे सल्ले देऊ नका.

तात्या_नाशिककर:
घरात पाहिलंय ते सांगतोय. पुस्तकी नाही.

मोगरा७:
सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या. आमच्याकडे सगळे करतात. मीठ-हळद-मोहरीचं तेल हिरड्यांना चोळायचं. स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडून काढणं) अजिबात नको, त्याने दात ढिले होतात.

शेवंती:
वय ६१, एचबीएवनसी ९.२. गोळ्या नेहमीच्याच. तेल करून झालं.

गोदाकाठ:
नेहमीच्या म्हणजे? बीपीची आहे का?

शेवंती:
आहे, अ‍ॅम्लोडिपिन. पण बीपी नॉर्मल असतं. त्याचा इथे काय संबंध?

डॉ_अबोली:
संबंध आहे. मी हिरड्यांचंच काम करते. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्यांना फक्त विचारा की बदलता येईल का.

आता मुख्य प्रश्न. साखर आणि हिरड्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना बिघडवतात. साखर जास्त असली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते, जखम भरत नाही. उलट हिरडीखाली पू आणि सूज कायम राहिली तर त्या सुजेतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणून साखर उतरेपर्यंत सफाईच करायची नाही, हे मला पटत नाही. दात काढणं किंवा हिरडीची शस्त्रक्रिया पुढे ढकलणं ठीक. हिरडीखालची खोल सफाई मात्र सहसा थांबवायची गरज नसते. अशा सफाईनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं. म्हणजे ९.२ चं ७ होणार नाही, पण मदत नक्की होते.

स्केलिंगने दात ढिले होत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं, दगडासारख्या कीटणाने दात धरून ठेवलेले असतात. कीटण निघालं की खरी अवस्था दिसते.

मोगरा७:
माझ्या नणंदेचे दात स्केलिंगनंतरच हलायला लागले. आम्ही खोटं बोलतोय का?

डॉ_अबोली:
खोटं नाही. हललेले दिसले नंतर, बिघडले होते आधी.

सह्याद्री_सखा:
रूट कॅनल मात्र करू नका, त्याने हार्टला धोका असतो.

रानवारा:
रूट कॅनलचा विषय कुठून आला? माझ्या काकांची हृदयाची झडप बदललेली आहे. त्यांना दात काढायच्या आधी अँटिबायोटिक देतात, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. ते अशा रुग्णांपुरतं. सरसकट घाबरवू नका.

गोदाकाठ:
शेवंती, आई मिश्री लावतात का?

शेवंती:
लावते. लग्नाआधीपासून. दुखलं की जास्त. आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात, म्हणून लिहिलं नव्हतं.

डॉ_अबोली:
हे आधी हवं होतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. जिथे चोळतात तिथली हिरडी खाली सरकते. ओठ खाली ओढून उजेडात पाहा, पांढरा चट्टा दिसतो का? पुसून जातो का?

शेवंती:
पाहिलं. खालच्या ओठाच्या आत सुरकुतलेला पांढरट भाग आहे, फडक्याने पुसला तरी तसाच. आई म्हणते जुनाच आहे.

डॉ_अबोली:
जुना असला तरी या आठवड्यातच दाखवा. बहुतेक वेळा मिश्री सोडल्यावर असे चट्टे कमी होतात, पण क्वचित तिथे कर्करोग होतो. तो तपासल्याशिवाय कळत नाही. डेंटल कॉलेजात जा, तिथे हिरड्यांचा आणि तोंडाच्या तपासणीचा असे वेगळे विभाग असतात. मिश्री आजपासून बंद.

तात्या_नाशिककर:
हे खरं गंभीर आहे. कवळीचं नंतर बघा.

शेवंती:
जाते. पण इन्सुलिन आत्ता सुरू करायचं की सफाई होईपर्यंत थांबायचं?

डॉ_अबोली:
थांबू नका, डॉक्टरांनी सांगितलंय तसं सुरू करा. सफाईला सकाळची वेळ घ्या, आईंना नाश्ता आणि औषधं वेळेवर देऊन न्या, उपाशी नको. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांसाठी चिठ्ठी लिहायला सांगा. एचबीएवनसीचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.