केळकर संग्रहालय वाड्यातच राहावं की मोठ्या जागेत जावं?

सदाशिवपेठी:
रविवारी लेकीला घेऊन पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले होते, बाजीराव रोडला, नातूबागेत. आल्यापासून नणंदेशी वाद चाललाय. तिचं म्हणणं, हे सगळं उचलून गावाबाहेर ऐसपैस नव्या बिल्डिंगमध्ये न्यायला पाहिजे. मला अजिबात पटत नाही. अहो ते आधी एका माणसाचं घर आहे! केळकरांचा घरचा चष्म्यांचा धंदा, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे, १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला लागले, मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला आणि मग उभं आयुष्य त्याच्या नावाने हा संसार मांडला, कमलाबाई बरोबरीने राबल्या. अशा घरात आपण जातो तेव्हा पावलं आपोआप हळू पडतात. तिथल्या पितळी वज्र्या बघून लेक म्हणाली, आई हे पेपरवेट आहेत का? वर सुबक नक्षीकाम आणि खाली टाच घासायला खरखरीत. मी तिला माझ्या आजीच्या न्हाणीघरातल्या वज्रीबद्दल सांगत तिथेच पाच मिनिटं उभी राहिले. हे मॉलसारख्या हॉलमध्ये होईल का?

कोथरूडकर:
ताई, भावना समजते पण आकडे बघा. संग्रहात २०,००० च्या वर वस्तू, आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे आठातल्या सात वस्तू आपण कधी बघतच नाही. ज्या माणसाने गावोगाव फिरून, पदरचे पैसे घालून कुलपं, दिवे, दौती, फण्या जमवल्या त्या काय पेटीत ठेवायला? आणि जागा सोडायची नाही म्हणता, तर तुम्ही तिथे मस्तानी महाल बघितलाच असेल. तो मुळात आमच्या कोथरूडचा, बाजीरावाने १७३४ च्या सुमारास बांधलेला. त्याचे अवशेष केळकरांनीच तिथून आणून आत पुन्हा उभे केले. खुद्द केळकर अख्खा महाल हलवतात आणि आपण त्यांच्या वस्तू हलवायच्या नाहीत?

सदाशिवपेठी:
दादा, तो पडझडीला आलेला होता म्हणून आणला, वाचवायला आणला. इथे घर शाबूत आहे आणि आपण त्यातून जीव काढून न्यायचा म्हणतोय, दोन्ही सारखं कसं?

हैदराबादी_मराठी:
आमच्या इथलं उदाहरण सांगतो, कारण ते दोन्हीकडून लागू पडतं. सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये दिवाण देवडीत सुरू झालं, म्हणजे निजामाचे दिवाण असलेल्या सालारजंगांच्या राहत्या वाड्यातच. १९६८ ला मुसीकाठच्या आत्ताच्या इमारतीत हलवलं. नवी जागा प्रशस्त आहे, मान्य, शाळांच्या सहली येतात, सगळं नीट बघता येतं. पण देवडी? ती पाडली गेली. कमानी तेवढ्या राहिल्यात, बाकी बाजार. मी रोज तिथून जातो. वस्तू गेल्या की घराला वाली राहत नाही हो. म्हणून माझं मत सरळ आहे, हलवू नका.

कोथरूडकर:
पण त्यात दोष वस्तू हलवण्याचा नाही, घर न सांभाळण्याचा आहे!

घाटावरची:
मी कोथरूडकरांच्या बाजूची. कुणी म्हाताऱ्या माणसांचा विचार करतंय का? एका जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात (नाव घेत नाही) माझे वडील जिन्याखाली बाकावर दीड तास बसून राहिले, वर जायला दुसरी सोयच नव्हती, आणि आम्ही वरून फोटो काढून त्यांना मोबाईलवर दाखवले. ज्या माणसाने लहानपणी शेवयाच्या साच्यावर आईला मदत केली त्याला तो साचा फोटोत बघायला लागावा, याचं फार वाईट वाटलं. घराचं घरपण ठेवायचं म्हणून अर्धी माणसं बाहेर ठेवायची का?

कागदवाला:
मी जुनी चित्रं आणि कागद दुरुस्त करायचं काम करतो म्हणून एक मुद्दा. "अडीच हजारच मांडल्या" हा आकडा ऐकून लोक चिडतात पण सगळंच कायम मांडायचं नसतं. केळकरांकडे पैठणची चित्रकथी चित्रं आहेत, म्हणजे गोष्ट सांगताना एकेक दाखवायची, कागदावरची. असल्या कामांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड नको म्हणतात, तोही काही महिने, मग परत अंधारात विश्रांती. रंग एकदा उडाला की परत येत नाही. तेव्हा आलटूनपालटून मांडणं हाच मार्ग. मात्र पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेपासून कागद, कापड, लाकूड जपायचं तर नीट बांधलेलं गोदाम हवंच आणि ते पेठेत होणं अवघड. म्हणून मी म्हणेन साठा बाहेर न्या, मांडणी वाड्यात राहू दे.

लंडनवासी:
कागदवाल्यांना अनुमोदन. इथे सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे, त्याने १८३३ ला पार्लमेंटमधून कायदाच करून घेतला की माझ्यामागे घर शक्य तितकं आहे तसंच ठेवायचं. आजही तिथे चित्रांच्या खोलीत भिंतीच दारासारख्या उघडतात आणि आत अजून चित्रं! आणि याच शहरात व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमने २०२५ मध्ये आपलं गोदामच लोकांना उघडं केलंय, आधी सांगून ठेवलं की हवी ती वस्तू काढून दाखवतात.

कोथरूडकर:
हे असलं गोदाम होणार असेल तर माझा विरोध बराच कमी होईल. पण पेटीतल्या वस्तू नुसत्या दुसऱ्या पेटीत जाणार असतील तर नाही. आणि घाटावरची म्हणतायत त्या जिन्याचं काय, त्यावर अजून कुणी बोललं नाही.

सदाशिवपेठी:
जिन्याचं खरंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी सासूही आली नव्हती त्या दिवशी, गुडघ्यांमुळेच, हे मी वर लिहिलंच नाही. लिफ्ट बसवा, हव्या तर चार वस्तू काढून जागा करा. पण राजाचं नाव असलेली पाटी त्या दारावरून हलवू नका एवढं मी म्हणतच राहणार.