शब्दचर्चा: आजच्या जेन आयरला ‘गव्हर्नेस’ऐवजी काय म्हणावं?

प्रश्न : शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ (१८४७) ही कादंबरी आजच्या इंग्लंडमध्ये आणून मराठीत लिहायची आहे. नायिका जेन ही श्रीमंत रोचेस्टरच्या थॉर्नफील्ड या घरी राहून त्याच्या आश्रयातल्या छोट्या मुलीला शिकवते, म्हणजे ‘गव्हर्नेस’ असते. तिला काय म्हणू: दाई, नॅनी की शिकवणीच्या बाई?

प्रतिसाद : तिन्ही नकोत. मुलीचं खाणं-न्हाणं पाहायला मूळ कादंबरीत सोफी ही फ्रेंच बाई आहे, त्यामुळे ‘दाई’ आणि ‘नॅनी’ या जागा आधीच भरलेल्या. शिकवणीच्या बाई तास संपला की घरी जातात. मग मध्यरात्री वरच्या मजल्यावर कोंडलेल्या बर्थाचं, म्हणजे रोचेस्टरच्या बायकोचं, हसणं ऐकणार कोण? ‘मुक्कामी शिक्षिका’ चालेल.

प्रतिसाद : ‘मुक्कामी’ म्हटलं की एसटी आठवते, रात्री थांबून सकाळी निघणारी. ‘निवासी शिक्षिका’ घ्या. ‘निवासी डॉक्टर’मुळे कानाला सवय आहे. पगार मात्र महागाईचा हिशोब करून रुपयांत आणू नका. आधी लोवुडच्या शाळेत शिकवताना जेनला वर्षाला १५ पौंड होते, थॉर्नफील्डला ३०. ती दुप्पट वाचकाला कळली पाहिजे.

प्रतिसाद : खरी अडचण ‘सर’ची. जेन रोचेस्टरला सतत ‘सर’ म्हणते. मागणी घालताना तो ‘एडवर्ड म्हण’ सांगतो, तरी तिची सवय लगेच जात नाही. मराठीत ‘सर’ म्हणजे आधी शिक्षक, आणि इथे शिक्षिका तर तीच! शिवाय आजच्या लंडनमध्ये घरमालकाला पहिल्या नावानेच हाक मारतील. म्हणून ‘एडवर्ड, तुम्ही’ असं लिहा. तो ‘मिस आयर’वरून ‘जेन’वर येतो, तिथे त्याचं ‘तुम्ही’ ‘तू’ होऊ द्या. तिचं ‘तुम्ही’ बरंच नंतर सुटावं. इंग्रजीच्या ‘यू’त हे दिसतच नाही, मराठीला ही आयती सोय आहे.

प्रश्नकर्ता : आणि बर्था? ‘वेडी बायको’ लिहवत नाही.

प्रतिसाद : लिहूच नका, ‘पहिली बायको’ पुरे. ‘पहिली’ म्हटल्यावर दुसरीचा प्रश्न आपोआप येतो. पण शब्दापेक्षा कथानक अडेल. मानसिक आजार हे इंग्लंडमध्ये घटस्फोटाचं कारण ठरलं ते १९३७च्या कायद्याने; त्याआधी रोचेस्टरला त्या कारणावर सुटका नव्हती. २०२२पासून तर कुणाचा दोष सिद्ध न करताही घटस्फोट मिळतो. आजचा रोचेस्टर बायकोला कोंडून ठेवत असेल, तर कायद्याची सबब उरत नाही आणि तो सरळ गुन्हेगार दिसतो. पैसा, इस्टेट किंवा नातलगांची भीती, असं काहीतरी कारण पहिल्या तीन-चार प्रकरणांत पेरावं लागेल, नाहीतर बर्थाचं गुपित फुटून जेन-रोचेस्टरचं लग्न मोडण्याच्या प्रसंगी वाचक जेनऐवजी पोलिसांची वाट पाहील.